पीटीचे मास्तर आणि साथीचे रोग : ‘एक अनुभवी पालक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

व्यायामशास्त्राची पदवी आणि तिला जोडूनच सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच, असे एकत्रित अभ्यासक्रम अमेरिकेत कसे चालतात यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही ‘एक अनुभवी पालक’ या नावाने प्रतिक्रिया लिहिली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश देते : हा प्रकार म्हणजे शॉर्टकट आहे, तेच क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचं तेच एकक, दोन पदव्यांत मोजणं ही विद्यापीठांची चलाखी आहे, हे शिकून आलेल्याला पुण्यात कोणी उभं करत नाही, मी कुठल्यातरी कन्सल्टन्सीसाठी लिहिते, आणि शेवटी, तुमच्याच शब्दांत, ‘आता पीटीचे मास्तर साथीचे रोग आटोक्यात आणणार आणि आपण टाळ्या वाजवायच्या!’

कन्सल्टन्सीचा आरोप खोटा आहे. त्यावर याहून जास्त बोलणार नाही.

एक गोष्ट मान्य करते. ‘पाच वर्षांत दोन पदव्या’ या उपशीर्षकात उन्हाळी सत्राचा उल्लेख नव्हता. बऱ्याच विद्यापीठांत चौथ्या वर्षानंतरचं उन्हाळी सत्र धरल्याशिवाय पाच वर्षांचं गणित जुळत नाही. ती ओळ बदलली आहे. हे साध्या शब्दांत सांगितलं असतंत तर आभार मानले असते. तुम्ही मात्र ‘लेखिकेला बेरीज येत नाही’ असं लिहिलंत. मतभेद असावेत, जरूर असावेत. पण नाव न लावता समोरच्याची अक्कल काढायची आणि वर स्वतःला अनुभवी म्हणवून घ्यायचं, ही कुठली रीत?

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते, कारण खरा आकस तिथे आहे.

पहिलं म्हणजे, ज्या पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली शारीरिक शिक्षणासाठी महाराष्ट्रीय मंडळ सुरू केलं, तिथे राहून शारीरिक शिक्षकांची अशी हेटाळणी करावी याचं मला मनापासून वाईट वाटलं. तुमच्या मुलांनाही कोणीतरी पळायला, पडायला, पुन्हा उठायला शिकवलंच असेल. दुसरं म्हणजे, तुम्ही ज्याची टर उडवताय त्या विषयाची ओळख करून घेतलेली दिसत नाही. व्यायामशास्त्राच्या पदवीत शरीररचना आणि शरीरक्रिया प्रयोगशाळेसकट असते, व्यायाम-शरीरक्रियाशास्त्र असतं, बायोमेकॅनिक्स, म्हणजे हालचालीचं यंत्रशास्त्र, असतं, मधुमेही आणि हृदयरोगी माणसाची व्यायाम-चाचणी कशी घ्यायची आणि ती कधी थांबवायची हे असतं. मी ट्रेडमिलवरच्या माणसांचा प्राणवायू मोजला आहे आणि घरोघरी सर्वेक्षण करणाऱ्या टीमही तयार केल्या आहेत. दोन्हीकडे राबलेल्या माणसाला हे दोन विषय ओढूनताणून जोडलेले वाटत नाहीत, एवढं तरी मला म्हणू द्या.

मुळात ते कधी वेगळे नव्हतेच. हालचाल आणि हृदयविकार यांचा संबंध आकड्यांत मांडला तो एका साथरोगशास्त्रज्ञाने, म्हणजे कोणता रोग कोणत्या लोकांत, किती आणि का होतो हे अभ्यासणाऱ्याने. जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. एक दिवसभर बसून, दुसरा दिवसभर जिना चढत-उतरत. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी निघाला. हे ‘लॅन्सेट’मध्ये १९५३ साली आलं. पण मॉरिस तिथे थांबले नाहीत. १९५६ साली त्यांनी याच कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापं तपासली आणि ड्रायव्हरांच्या पँटची कंबर आधीपासूनच मोठी असल्याचं दिसलं. म्हणजे नोकरीमुळे हृदय बिघडलं, की मुळात जाड असलेले लोकच स्टिअरिंगवर बसले? हा प्रश्न विचारता येणं म्हणजे साथरोगशास्त्र. आणि जिना चढताना शरीरात नेमकं काय होतं हे सांगता येणं म्हणजे व्यायामशास्त्र. पुढे राल्फ पॅफेनबार्गर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांचा २२ वर्षं मागोवा घेतला, १९७५ साली निष्कर्ष मांडले. ओझी वाहणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू कमी.

मग मार्केट यार्डातल्या हमालाचं हृदय ठणठणीत म्हणायचं का? इतकं सोपं नाही. नंतरच्या अनेक युरोपीय अभ्यासांत कामावरच्या कष्टांचा तसा फायदा दिसला नाही, काहींत उलट तोटा दिसला. कारण म्हणून जे सुचवलं जातं ते शरीरक्रियेचं आहे : तासन्‌तास वाढलेली नाडी, ओझं धरून ठेवताना चढणारा रक्तदाब, दमल्यावर विश्रांती नाही, वेग स्वतःच्या हातात नाही. सकाळी अर्धा तास तळजाईवर चालणाऱ्याची नाडी चढते आणि उतरते. हमालाची उतरतच नाही. हा फरक प्रश्नावलीत दिसत नाही. तो कुठे शोधायचा हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच दिसतो.

प्रश्नावलीचंच बोलू. जागतिक आरोग्य संघटनेची जीपॅक ही १६ प्रश्नांची प्रश्नावली आहे. कामावरची हालचाल, येण्याजाण्यातली हालचाल, फावल्या वेळातली हालचाल आणि बसण्याचा वेळ असे तिचे भाग. मध्यम श्रमाला ४ मेट, जोरकस श्रमाला ८ मेट धरायचे. मेट म्हणजे स्वस्थ बसलेल्या शरीराच्या ऊर्जेच्या खर्चाचं माप. १ मेट म्हणजे दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलीटर प्राणवायू. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम हालचाल म्हणजे १५० गुणिले ४, म्हणजे ६०० मेट-मिनिटं. हा किमान उंबरठा.

आता सिंहगड रोडच्या चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंना सर्वेक्षकाने विचारलं, ‘ताई, व्यायाम करता का?’ त्या म्हणणार, ‘कुठला व्यायाम आणि कुठलं काय!’ कच्चा सर्वेक्षक शून्य लिहून मोकळा होतो. कामाचा भाग विचारायचाच राहतो आणि बाई ‘निष्क्रिय’ ठरतात. दुसरा सर्वेक्षक उत्साही असतो. दिवसाचे सहा तास, आठवड्याचे सहा दिवस, सगळं जोरकस म्हणून टाकतो. २,१६० मिनिटं गुणिले ८, म्हणजे १७,२८० मेट-मिनिटं. दोन्ही नोंदी चूक आहेत. लादी पुसणं साधारण साडेतीन मेटचं काम, तर उभ्याने भांडी घासणं ३ मेटच्याही खाली, म्हणजे मध्यम श्रमातही बसत नाही. ही चूक संगणकावर बसलेल्या संख्याशास्त्रज्ञाला सापडत नाही, कारण त्याच्या लेखी १७,२८० हाही एक आकडाच. ज्याने या हालचाली मोजल्या आहेत तो मात्र रकाना पाहताच म्हणतो, थांबा, हे अशक्य आहे. आणि अशा हजारो नोंदींवर शहराचं आरोग्य धोरण ठरतं.

पुण्याचंच आणखी एक उदाहरण. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यूडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का होतो हा सार्वजनिक आरोग्याचा केवढा मोठा प्रश्न आहे! आणि त्याची नस सापडते ती शरीरात स्नायू किती, चरबी किती हे मोजणाऱ्या यंत्रावर. हे मोजणं व्यायामशास्त्राचा विद्यार्थी पदवीलाच शिकतो.

पर्वतीच्या पायऱ्यांवर ज्येष्ठांसाठी एखादा उपक्रम आखायचा झाला तरी हेच. ‘२२० वजा वय, त्याच्या ७० टक्के नाडी ठेवा’ असं पत्रक छापून वाटलं की झालं, असं वाटतं. पण या सूत्रात व्यक्तीगणिक १० ते १२ ठोक्यांचा फरक सहज पडतो. शिवाय साठीच्या पुढचे कितीतरी लोक मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉलसारखी रक्तदाबाची औषधं घेतात. त्यांची नाडी श्रमाच्या मानाने चढतच नाही. पत्रकातला आकडा गाठायला ते जास्त जोर लावतात आणि छातीत कळ येते. त्यांना नाडी सांगायचीच नसते. चढताना वाक्य बोलता येतंय का हे पाहायचं, किंवा ६ ते २० या बोर्ग मोजपट्टीवर श्रम किती वाटतात ते विचारायचं. जिममध्ये एका माणसाला चुकीचा आकडा दिला तर एकाचं नुकसान होतं, पत्रकातून दिला तर पेठाच्या पेठा तो पाळतात.

उलट बाजूही तितकीच खरी, आणि ती मूळ लेखात होती. नुसतं व्यायामशास्त्र शिकलेला माणूस ३० स्वयंसेवकांवर १२ आठवड्यांचा उपक्रम करतो, २१ जण शेवटपर्यंत टिकतात, त्यांची साखर उतरते आणि तो आनंदाने उपक्रम यशस्वी झाला म्हणून सांगतो. गळालेले नऊ कोण होते? मुळात आलेले ३० जण आधीच हौशी होते का? वस्तीतल्या ज्या बाया संध्याकाळी पाण्याच्या वेळेमुळे येऊच शकल्या नाहीत त्यांचं काय? हे प्रश्न एमपीएच शिकवतं. म्हणून दोन्ही हवेत.

आता तुमची ‘चलाखी’. अमेरिकेत पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. तिथली मान्यता देणारी संस्था सीईपीएच, तिच्या नियमाने एमपीएचला किमान ४२. एकूण १६२. एकत्रित अभ्यासक्रमात बहुधा ९ ते १२ क्रेडिट दोन्हीकडे धरली जातात. १२ धरली तर १५० उरतात. पण धरली जातात ती पदव्युत्तर पातळीची क्रेडिट. चौथ्या वर्षाचा विद्यार्थी ऐच्छिक विषयांच्या जागी एमपीएचच्या वर्गात बसतो, तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर साथरोगशास्त्राची आणि जैवसंख्याशास्त्राची, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीच्या शास्त्राची, तीच परीक्षा देतो. पदवीचा सोपा विषय वर ढकलला जात नाही. एमपीएचचे ४२ पूर्णच राहतात. कमी होतात ते पदवीचे ऐच्छिक विषय. यात शॉर्टकट कुठे आला ते मला खरंच दाखवा.

बिघडतं ते दुसरीकडेच. व्यायामशास्त्राची इंटर्नशिप बऱ्याच ठिकाणी ४०० तासांच्या आसपास असते. ती चौथ्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात आली तर १५ आठवड्यांत आठवड्याला जवळपास २७ तास जातात, आणि नेमकं त्याच सत्रात जैवसंख्याशास्त्र येतं. मुलं तिथे कोसळतात. इंटर्नशिप उन्हाळ्यात ढकलावी, किंवा साथरोगशास्त्र पहिल्या सत्रात आणि जैवसंख्याशास्त्र पाचव्या वर्षात घ्यावं, पण आधी सल्लागाराकडून लेखी घ्यावं. एमपीएचच्या प्रत्यक्ष कामाला सीईपीएच तास ठरवून देत नाही. किमान पाच क्षमता दाखवणारी किमान दोन कामं संस्थेला करून द्यावी लागतात. व्यायामशास्त्राच्या इंटर्नशिपवर ही गरज भागवता येईल असं गृहीत धरू नये.

दुसरी अडचण पदवी हातात कधी पडते ही. काही विद्यापीठं चौथ्या वर्षाच्या शेवटी पहिली पदवी देतात, काही दोन्ही शेवटी एकदम. एकदम देणाऱ्या ठिकाणी घरच्या अडचणीमुळे मध्येच परतावं लागलं तर हात रिकामे राहतात. तिसरी, सामाईक विषयात बी श्रेणीच्या खाली गेलात तर ते क्रेडिट एमपीएचला धरलं जाणार नाही असा नियम अनेक ठिकाणी असतो. चौथी, आपल्या मुलांसाठी फार महत्त्वाची : पदवीवरून पदव्युत्तर पातळीवर जाताना नवा आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद, लागतो, आणि त्यावर विषयाचा कोणता कोड छापलाय ते वाचायचंच असतं. साथरोगशास्त्र आणि जैवसंख्याशास्त्राचे कोड स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान विषयांच्या, यादीत आहेत, त्यांना शिक्षणानंतर अमेरिकेत काम करण्याच्या मुदतीत २४ महिन्यांची वाढ मागता येते. सर्वसाधारण एमपीएचवर तसं गृहीत धरून कर्ज काढू नये.

आणि इथे बी.एस्सी. किंवा बी.पी.एड. पूर्ण केलेल्यांसाठी हा मार्ग नाही. एकत्रित अभ्यासक्रम बहुधा त्याच विद्यापीठात पदवी शिकणाऱ्यांना असतो आणि अर्ज तिसऱ्या वर्षाच्या सुमारास होतो. त्यांनी पात्रता तपासून सरळ एमपीएच पाहावं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत किंवा त्रिवेंद्रमच्या अच्युत मेनन केंद्रात तो अभ्यासक्रम आपल्याच देशात आहे. बारावीच्या मुलाला ‘दोन्ही जागा पक्क्या करून देतो’ असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून विद्यापीठाचं तसं पत्र मागा.

पुण्यातल्या नोकऱ्यांवर तुम्ही अर्धी ओळ खरडली आहे, मीही तेवढंच लिहिते : वैद्यकीय परवाना यातून मिळत नाही, फिजिओथेरपिस्टची पाटी लावता येत नाही, आणि हे लेखात पहिल्याच परिच्छेदात होतं. लेख न वाचता आलेल्या आक्षेपांना मी किती उत्तरं द्यायची?

तुमचं मूल या वाटेवर असेल तर त्याच्या विद्यापीठाची विद्यार्थी-पुस्तिका घ्या, सामाईक क्रेडिटचं पान उघडा आणि कोणता विषय फुकटात मिळतोय असं तुम्हाला वाटतं तो नावानिशी इथे लिहा. मी त्या विषयाबद्दल उत्तर देईन. स्वतःचं नावही लिहिलंत तर बरं होईल.