वरची ओळ कोणाची?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात ज्या पदवी महाविद्यालयात मी बीसीए आणि बीकॉमच्या मुलांना संगणक शिकवतो, तिथल्या लॅबमधल्या वीस संगणकांवर २०२५ च्या पावसाळ्यापासून दोन कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) आहेत. हार्ड डिस्कचे भाग पाडून एकात विंडोज आणि दुसऱ्यात उबुंटू हे मुक्त, मोफत लिनक्स बसवले आहे. संगणक चालू केला की काळ्या पडद्यावर दोन्हींची नावे येतात, बाणाचे बटण दाबून हवी ती ओळ निवडायची, आणि दहा सेकंदांत कोणी काहीच केले नाही तर आधी ठरवून ठेवलेली प्रणाली आपोआप सुरू होते. आसपासच्या दोन-तीन महाविद्यालयांतल्या सहकाऱ्यांनी ‘आम्हीही असे करावे का’ म्हणून विचारले, त्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. माझे उत्तर ‘जरूर करा’ असेच आहे. मात्र त्या दहा सेकंदांनंतर काय सुरू व्हायचे, हे संगणकाला हात लावण्याआधी ठरवा.

आम्ही या वाटेला गेलो ते हौसेने नव्हे. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार हे ठरलेले होते, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. आमचे संगणक सहाव्या पिढीचे आहेत. धडधाकट आहेत, पण नव्या विंडोजच्या लेखी बाद. वीस नवे संगणक एकदम मागायचे म्हटले तर संस्थेची बैठक कशी होते, ते वेगळे सांगायला नको. लिनक्स याच यंत्रांवर सुरळीत चालते आणि उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. मग विंडोज काढूनच का टाकले नाही? कारण बीकॉमला टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकवावे लागते आणि टॅली लिनक्सवर थेट बसत नाही. केरळने आपल्या शाळांतले संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेले ही थोर गोष्ट आहे, पण तिथे पाठ्यपुस्तकेही त्याला धरून लिहिली गेली. आमच्या हातात पाठ्यक्रम नाही, फक्त लॅब आहे.

आता चूक सांगतो. बसवताना वरची ओळ, म्हणजे आपोआप सुरू होणारी, उबुंटूची होती. पहिल्याच आठवड्यात ‘सर, माझा संगणक बिघडला, पडदा जांभळा झाला’ अशा तक्रारी सुरू झाल्या आणि आमच्या लॅब असिस्टंटने वैतागून सगळीकडे विंडोज आपोआप सुरू होईल अशी सोय केली. मीही कानाडोळा केला. दोन महिन्यांनी सहज एका संगणकावर उबुंटू उघडले तर अद्यतनांची भली मोठी रांग साचलेली होती; म्हणजे मधल्या काळात तिकडे फारसे कोणी फिरकलेले नव्हते. निवड समोर ठेवली की मुले निवडतील हा माझा समज भाबडा होता. तासाची घंटा झाल्यावर कोणी निवडत बसत नाही, जे आपोआप येते त्यावर काम उरकतो. बीसीएच्या प्रात्यक्षिकांसाठी प्रोग्रॅमिंगसाठी लागणारे जीसीसी आणि पायथन मुद्दाम बसवून ठेवले होते, ते तसेच पडून राहिले.

याच दिवसांत घड्याळाचा घोळ झाला. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचते, त्यामुळे उबुंटू बंद करून विंडोज उघडले की साडेपाच तासांचा फरक पडतो. सकाळी अकराच्या अंतर्गत परीक्षेचे छापील कागद माझ्यापुढे आले, तेव्हा काहींवर पहाटे साडेपाचची वेळ होती. एक मुलगी जांबोटीहून येते. तिच्या कागदाकडे बघून मी म्हटले, ‘बाई, या वेळेला तर तुझी एसटीही निघत नसेल.’ लिनक्समध्ये एक आज्ञा दिली की हा प्रश्न मिटतो, पण ती ठाऊक असलेला माणूस महाविद्यालयात असावा लागतो. विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’चेही तसेच आहे. ती सोय चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि त्याचा डिस्कभाग लिनक्समधून फक्त वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. ‘सर, फाइल सेव्हच होत नाही’ याचे मूळ तिथे सापडले.

आता विशेषतः आपल्या भागासाठी महत्त्वाचे वाटते ते लिहितो. आमची मुले मराठीत अर्ज लिहितात, कन्नडमध्ये निबंध लिहितात, आणि दोन्हींसाठी वेगवेगळ्या फॉन्टला जखडलेली जुनी सॉफ्टवेअरे वापरत आली आहेत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर म्हणजे निव्वळ चिन्हांचा खच. उबुंटूवर ती सॉफ्टवेअरे नसल्यामुळे मुलांना युनिकोड (कुठल्याही संगणकावर वाचता येणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) आणि इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची कळफलकाची मांडणी) शिकणे भाग पडले, आणि मग एक गोष्ट त्यांच्याच लक्षात आली. इनस्क्रिप्टमध्ये ‘क’ ज्या बटणावर आहे, कन्नडचा ‘क’ही त्याच बटणावर आहे, आणि शिफ्ट धरले की दोन्हीकडे ‘ख’. बोटांना एकदा सवय झाली की लिपी बदलायला दोन बटणे पुरतात. इनस्क्रिप्ट विंडोजमध्येही आहे हे मान्य, पण जुनी कुबडी हाताशी असताना तिकडे कोण वळतो? शिकवण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे धडे आम्ही लावतो, कारण ते मराठीत आहेत आणि कन्नडमध्येही.

कार्यालयातल्या संगणकांना मात्र हात लावू नका. तिथे वर्षानुवर्षांची कन्नड टिपणे ‘नुडी’ या कन्नड लेखनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, ती युनिकोडमध्ये नेणे हे स्वतंत्र काम आहे आणि परीक्षेच्या अर्जांच्या धामधुमीत ते करायला घेणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

ऑक्टोबरनंतर आम्ही वरची ओळ पुन्हा उबुंटूला दिली आणि विंडोजमधले इंटरनेट तोडले. अद्यतने थांबलेली प्रणाली जाळ्यावर ठेवायची नाही, एवढे एकच कारण प्राचार्यांना सांगितले आणि ते त्यांना पटले. टॅलीचा तास बीसीएच्या प्रात्यक्षिकाला लागून येणार नाही असे वेळापत्रक करून घेतले, कारण जुन्या हार्ड डिस्कवर वीस संगणक पुन्हा सुरू करण्यात दहा मिनिटे सहज जातात. दोन्ही प्रणालींतून उघडेल असा एक सामायिक डिस्कभाग केला आहे आणि मुलांनी फाइल तिथेच ठेवायची, असा नियम आहे. असिस्टंटला मी चार शनिवार शेजारी बसवून सगळे करायला लावले. आता प्रत्येक पडद्यावर त्याने स्वतःच्या अक्षरात मराठी आणि कन्नडमध्ये एक चिठ्ठी चिकटवली आहे, ‘टॅलीसाठी खालची ओळ’. तक्रारी अजूनही येतात, पण आता त्या माझ्यापर्यंत पोहोचायच्या आत तोच मिटवतो.