रजिस्टर एक नंबर होतं

4 मार्च आला की एमआयडीसीत गेटागेटावर सुरक्षा दिनाचे बॅनर लागतात. शपथ होते, फोटो निघतात, पेढा मिळतो. 5 तारखेला ये रे माझ्या मागल्या.

मी प्रेस शॉपला, म्हणजे मशीनने पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे, सुपरवायझर. आमची सेफ्टी मीटिंग म्हणजे मी कागद वाचायचा, हेल्मेट घाला, गॉगल लावा, मोबाईल नको, आणि रजिस्टर फिरवायचं. पोरं शेजारच्याचीही सही ठोकून द्यायची. ऑडिटला रजिस्टर एक नंबर.

त्याच रजिस्टरवर सकाळी सही केलेल्या एका पोराची दोन बोटं दुपारी प्रेसमध्ये गेली.

पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे वरचा दाबणारा जड भाग, खाली येतो; म्हणजे हात डायमध्ये, खालच्या साच्यात, राहायला नको. आमच्या त्या मशीनच्या एका बटणात लाकडाची पाचर ठोकलेली होती. एक हात मोकळा, तासाला पीस जास्त. लाईनवर सगळ्यांना माहीत होतं. खरं सांगतो, मलाही. मीटिंगमध्ये कुणी बोललं नाही, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. आणि विचारलं असतं तरी बोलणार कोण? टार्गेट देणारा मीच.

भोपाळनंतर, 1987 साली, कारखाने कायद्यात कलम 41-जी आलं, 2025 मध्ये नवी कामगार संहिता येईपर्यंत ते होतं. त्यात लिहिलेलं: धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात सुरक्षा समिती हवी आणि तिच्यात कामगार व व्यवस्थापनाचे प्रतिनिधी सारखे हवेत. सारखे! आमचा प्रेस शॉप त्यात बसो न बसो, त्या एका शब्दात सगळं आलं. आपल्याकडे मात्र एक बोलतो आणि तीस जण बुटाकडे बघतात.

आता मीटिंग दर मंगळवारी शिफ्टच्या सुरुवातीला दहा मिनिटं, मशीनपाशीच. ही दहा मिनिटं टार्गेटमधून वजा. यासाठी साहेबांशी दोन महिने भांडलो. बाकी सगळं त्यामानाने सोपं. कॉन्ट्रॅक्टची पोरंही उभी राहतात, आणि बोलणं हिंदीत, कारण निम्मी लाईन बिहार-यूपीची आहे. आधी मागच्या मंगळवारची वही वाचायची: कोणतं काम झालं, कोणतं राहिलं, का राहिलं. तक्रार करणाऱ्याचं नाव वहीत नसतं.

पहिले तीन मंगळवार कुणी तोंड उघडलं नाही. चौथ्याला एकाने सांगितलं, कॉम्प्रेसरपाशी तेल सांडतं, पाय घसरतो. त्याच दिवशी गळती बंद केली. पुढच्या आठवड्यात पाच जण बोलले.

परवा एक नवीन पोरगा म्हणाला, "साब, आपका चष्मा तो जेब में रहता है." सगळे हसले. वहीत लिहिलंय: सुपरवायझर, गॉगल. येत्या मंगळवारी तीच नोंद मला पहिली वाचायची आहे.