वाळवंटातलं झाड कुंडीत वाचत नाही

कोल्हापूरच्या दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याच्या हस्ते शमीपूजन होतं आणि मग सोनं लुटायला एकच झुंबड उडते. ती शमी मूळची कोरड्या मुलखातली. थरच्या वाळवंटात तिला खेजडी म्हणतात, आणि तिथं तिच्यावर अख्खं गाव जगतं. पाला शेळ्या-उंटांना, शेंगा माणसांना, सावली पिकाला. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसं ही झाडं तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी बिष्णोई यांच्यासह ३६३ माणसांनी झाडांना मिठ्या मारून जीव दिला. १९८३ मध्ये राजस्थाननं तिला राज्यवृक्ष केलं.

आज त्याच पट्ट्यात सौर प्रकल्पांसाठी खेजड्या तोडल्या जातायत आणि बिकानेरकडची माणसं त्याविरुद्ध धरणं धरून बसतायत. सौर ऊर्जेला माझा विरोध नाही. ती हवीच आहे, आणि छपरांवर, कालव्यांवर, कारखान्यांच्या शेडवर ती पहिल्यांदा यायला हवी. माझं भांडण आहे ते 'रिकामी जमीन' या समजुतीशी. नकाशावर जिथं हिरवं दिसत नाही तिथं काहीच नाही असं आपण धरून चालतो, आणि वाळवंटातल्या दुर्मीळ वनस्पती संपायला सुरुवात होते ती तिथूनच.

मंडळी, मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की या झाडांना वाचवायचं असेल तर त्यांची जमीन वाचवावी लागते. कुंडीत, काचघरात, बियाणं-बँकेत जे राहतं तो फक्त विमा. त्याला वाचवणं म्हणू नका.

असं का म्हणतो ते सांगतो. अमेरिकेतल्या ॲरिझोनात सग्वारो नावाचं खांबासारखं उंच निवडुंग आहे. पहिल्या आठ-दहा वर्षांत ते दोन-तीन इंचसुद्धा वाढत नाही. उघड्या उन्हात त्याचं रोप करपतं, हिवाळ्याच्या कडाक्यात मरतं. ते जगतं दुसऱ्या एखाद्या झाडाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला. रात्री फुलणाऱ्या त्याच्या फुलांवर वटवाघळं येतात, त्याच्या खोडात सुतार पक्षी घरं करतात. १९३३ मध्ये तिथं सग्वारोसाठी संरक्षित क्षेत्र जाहीर झालं. पण आधीपासूनची लाकूडतोड आणि गुरांची चराई यांनी आडोशाची झाडं-झुडपं गेली होती, रोपं तुडवली जात होती. मोठे सग्वारो रुबाबात उभे, आणि खाली नवीन पिढीच नाही! चराई थांबली, आडोसा परत आला, तेव्हा कुठं काही दशकांनी लहान रोपं दिसायला लागली. म्हणजे झाडाला कुणी हातही लावला नव्हता. त्याच्या शेजाऱ्यांना लावला होता, तेवढ्यानं वंश थांबला होता.

वाळवंटातली माती तर त्याहून नाजूक. वाळूवर सूक्ष्मजीव, शेवाळ आणि दगडफुलाची एक काळपट खपली धरलेली असते. वारा तिला उडवू शकत नाही, पाणी तिच्यात मुरतं, बी तिच्यात रुजतं. जीपचं एक चाक तिच्यावरून गेलं की ती भरून यायला कित्येक वर्षं, कधी कधी दशकं लागतात. 'वाळवंटात गाडी घातली, काय बिघडलं?' या प्रश्नाचं उत्तर त्या खपलीत आहे.

आता आपल्या टेबलावरच्या कुंडीकडे या. गेल्या काही वर्षांत कोल्हापुरातसुद्धा सक्युलंटचं, म्हणजे पानांत-खोडात पाणी साठवणाऱ्या रसाळ रोपांचं वेड चांगलंच वाढलंय. राजारामपुरीपासून कळंब्यापर्यंत ज्याच्या-त्याच्या गॅलरीत ही रोपं दिसतात. मलाही ती जीव लावून सांभाळायला आवडतात. पण या हौसेच्या दुसऱ्या टोकाला काय चाललंय ते बघा. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिमेला सक्युलंट करू नावाचा कोरडा प्रदेश आहे. तिथं सहा हजारांच्या आसपास वनस्पती-जाती, त्यातल्या जवळपास चाळीस टक्के जगात दुसरीकडे कुठंच नाहीत. कोनोफायटम हे त्यातलं छोटंसं रोप, दगडगोट्यांत मिसळून जाणारं. त्याच्या काही जाती फक्त एखाद्या टेकाडाच्या गारगोटीच्या पट्ट्यावर उगवतात, बस्स. २०१९ नंतर मोबाईलवरच्या बाजारासाठी तिथं चोरी इतकी वाढली की पोलिसांनी जप्त केलेली रोपंच दहा लाखांच्या वर गेली. आणि जप्त केलेली रोपं परत नेऊन लावताही येत नाहीत. कुठल्या टेकाडावरून उपटली ते कळत नाही, सोबत रोगराई जाईल ही भीती, आणि बरीचशी तोवर मेलेली असतात.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं (आययूसीएन) २०१५ मध्ये निवडुंगांचा आढावा घेतला, तेव्हा ३१ टक्के जाती धोक्यात निघाल्या. जवळजवळ सगळं निवडुंग-कुळ वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स (CITES) करारात येतं, आपला देश १९७६ पासून त्यात आहे. कायदा आहे. पण चोरीचा माल कुठल्या तरी घरातल्या गॅलरीपर्यंत पोचतो, कारण घेणारा विचारत नाही. म्हणून विचारा. रोप बियांपासून, फुटव्यापासून केलंय का? नर्सरीत वाढलेली रोपं सहसा एकसारखी, गुळगुळीत, कोवळी असतात. रानातून उपटलेल्याच्या अंगावर ओरखडे, उन्हाचे डाग, तुटकी मुळं असतात. फार जुनं, खरबरीत, 'दुर्मीळ' म्हणून मिरवलं जाणारं रोप दिसलं की हात मागे घ्या.

महाद्वार रोडवर पूजेच्या दुकानात मिळणारा गुग्गुळ घ्या. तो कच्छ-राजस्थानच्या खडकाळ माळावरच्या काटेरी झुडपाचा डिंक. धुपालाही लागतो आणि आयुर्वेदातही. झुडूप डिंक देण्याजोगं व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. जास्त डिंक निघावा म्हणून खोल चिरा मारल्या की झुडूप वाळून जातं. आज हे झाड आययूसीएनच्या 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे. त्याचं बी सहजी रुजत नाही, आणि जिथं रुजेल तो माळ वेड्या बाभळीनं नाहीतर खाणीनं गिळलेला असतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, गगनबावड्याचा पाऊस ज्यानं बघितलाय त्या कोल्हापूरकरानं वाळवंटाची काळजी का करावी? कारण आपल्याकडचे सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची कातळाची पठारं, वर्षाचे सात-आठ महिने वाळवंटच असतात. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर एप्रिलच्या दुपारी जाऊन बघा. जांभ्याचा काळा-तांबडा कातळ, माती बोटभरही नाही, डोक्यावर ऊन आणि सुसाट वारा. त्या कातळाच्या भेगांत गवताची एक बारीक काडी असते, हातात घेतली तर चुरा होईल अशी. पाऊस पडला की तेच गवत काही तासांत हिरवं होतं. बाकीच्या कित्येक जाती जमिनीखाली कंद होऊन पावसाची वाट बघतात. वाळवंटातल्या वनस्पती जे करतात तेच.

खर्चुडीचं फूल तर एकदा जवळून बघायलाच हवं. कंदिलासारखं, खाली फुगीर, वर नळी. चिलटाएवढी माशी वासानं आत शिरते. नळीत खाली वळलेले केस असतात, त्यामुळं तिला बाहेर येता येत नाही. ती आत फिरते, परागकणांची पोतडी अंगाला चिकटते, आणि मग केस मलूल पडले की सुटते. दुसऱ्या फुलात ती शिरली तरच बी. या कुळातल्या काही जाती राजस्थानच्या कोरड्या जमिनीत आहेत, काही फक्त सह्याद्रीच्या सड्या-उतारांवर. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी खर्चुडीच्या जाती शोधण्यात, वाढवण्यात उभं आयुष्य घातलंय. त्याचा मला कोल्हापूरकर म्हणून अभिमान आहे. पण वाढवलेली रोपं परत कुठं लावायची? सडाच राहिला नाही तर ती माशी कुठून आणायची?

शिंदळ माकुडीची गोष्ट तीच. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या जागी कड्यांना धरून राहिलेली, फक्त आपल्या महाराष्ट्राची रसाळ वनस्पती. गर्द लाल, पिवळ्या ठिपक्यांचं चांदणीसारखं फूल. युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या काचघरात ती फुलते आणि इथं तिचा कडा दरड, वणवा, खणाखणी यांनी कमी होत चाललाय. काचघरातलं रोप हजारांनी वाढवता येईल. कडा वाढवता येत नाही.

सरकारी कागदावर सडा 'पडीक' असतो. म्हणून शाहूवाडी-राधानगरीकडं त्याच्या पोटातलं बॉक्साईट निघतं, कुठं प्लॉट पडतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चांगल्या मनाची माणसं पावसाळ्यात खड्डे काढून झाडं लावायला येतात. कातळ फोडून, बाहेरची माती टाकून. त्या एका खड्ड्यात किती कंद गेले ते कुणी मोजत नाही. भावांनो, वृक्षारोपण करायचं तर ओढ्याकाठी, गावठाणात, रस्त्याकडेला करा. सड्यावर नको.

राजस्थानात देवाच्या नावानं राखलेल्या जमिनींना ओरण म्हणतात, आपल्या देवरायांसारख्याच. तिथल्या लोकांनी पायपीट करून, कोर्टात जाऊन, त्यांची नोंद व्हावी यासाठी झगडा केला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थान सरकारला या ओरणांचं सर्वेक्षण करून संरक्षण द्यायला सांगितलं. हे आपल्याकडंही होऊ शकतं, कारण जैवविविधता कायदा २००२ पासून आपल्या ग्रामपंचायतींच्या हातातही एक हत्यार आहे. ते म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही. सड्यावरचं काय काय त्यात लिहिलंय, हे तुमच्या गावच्या ग्रामसभेत विचारा. पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगड, आजऱ्याकडच्या मित्रांनी तर नक्कीच. नोंदच नसेल तर सड्यावर गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना बसवून घ्या, त्यांना कुठं काय उगवतं ते माहीत असतं.

आणि सप्टेंबरात फुलं बघायला जाल तेव्हा फोटो काढा, सोशल मीडियावर टाकाही. मात्र दुर्मीळ रोपाचं ठिकाण, लोकेशन, वाट यातलं काहीच पोस्टमध्ये लिहू नका, कुणी कितीही विनंती केली तरी. चोरणाऱ्याला तेवढंच पुरतं.