‘पाणी वरून खाली येणारच’ म्हणणाऱ्या वाचकांना

मूत्रवाहिनी म्हणजे मूत्रपिंडातली लघवी मूत्राशयात नेणारी नळी. तिच्यावरच्या मागच्या लेखावर एका वाचकांनी लिहिलं आहे: "मूत्रवाहिनी म्हणे लघवी खाली ढकलते! पाणी वरून खाली येणारच, त्यात ढकलायचं काय? गुरुत्वाकर्षण शाळेत शिकवलं नव्हतं का? बाकी आकृती नाही, पथ्यपाणी नाही, नुसती लांबलचक वाक्यं."

महोदय, शाळा काढलीत म्हणून सांगतो. माझा जन्म शाळेतच गेला, नववी-दहावीला विज्ञान शिकवण्यात. शंका विचारणाऱ्या पोराला ‘आजवर काय शिकलास?’ असं मी एकदाही सुनावलं नाही. ‘कसं ढकलते?’ एवढंच विचारलं असतंत तर हेच उत्तर निम्म्या लांबीत आणि दुप्पट आपुलकीने दिलं असतं. मागे ‘म्हणे’ आणि पुढे उद्गारचिन्ह लावलं की शंकेचा टोमणा होतो, आणि टोमण्याला मी जरा सविस्तर उत्तर देतो.

आकृती हवी होती, हे मान्य.

आता तुमचं गुरुत्वाकर्षण. रात्री तुम्ही आडवेच झोपत असाल ना? मूत्रपिंडं तेव्हा रजेवर जात नाहीत. दिवसरात्र मिळून ती साधारण १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक सगळा रक्तात परत जातो आणि दीडएक लिटर लघवी उरते. तुमच्या हिशेबाने रात्रीची लघवी वरच तुंबून राहायला हवी. मग पहाटे जाग कशाने येते?

मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटीमीटर लांब, जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद, आणि तिच्या भिंतीत स्नायू असतात. मूत्रपिंडात लघवी जिथे गोळा होते तिथे आकुंचन सुरू होतं आणि खाली सरकत जातं, मिनिटाला साधारण एक ते पाच वेळा. शीर्षासनात घेतलेला घोटही पोटातच जातो, तसंच हे. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवतात तेव्हा त्याच्या चेतातंतूंचा संबंध तुटलेला असतो, तरी नळीचं काम चालूच राहतं. कलर डॉप्लर या सोनोग्राफीच्या प्रकारात लघवी मूत्राशयात चिळकांडीने येताना चक्क दिसते. जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी या आकुंचनांचा अभ्यास १८६९ मध्येच प्रसिद्ध केला होता. तुमची-माझी शाळा त्यानंतरची.

उभं असताना गुरुत्वाकर्षणाचा थोडा हातभार लागतो, नाही कोण म्हणतं? पण मूत्राशय भरल्यावर लघवी उलटी वर का चढत नाही, तेही मग त्यालाच विचारा. नळी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी शिरते. आत दाब वाढला की तिचं तोंड चेपून बंद होतं.

आणि हे मी नुसतं वाचून लिहीत नाही. मुतखडा मला होऊन गेला आहे. नळी मूत्राशयात शिरते तिथे सगळ्यात अरुंद असते, नेमका तिथेच अडकला होता. पलंगावर आडवा पडलेलो, आणि कळ येई, ओसरे, पुन्हा येई. मागे तुंबलेल्या लघवीचा दाब आणि वर नळीचं रेटणं. गुरुत्वाकर्षणाला अशा लहरी येतात होय?

पथ्यपाणी हा लेखाचा विषयच नव्हता; ते डॉक्टरांना विचारा. लांब वाक्यं बाकीच्यांना चालतात. आकृती रविवारी टाकतो. तिच्यात नळी मूत्राशयात तिरकी शिरलेली दिसेल, तेव्हा ‘चित्र वाकडं आलंय’ असं लगेच लिहायला बसू नका.