आजींचा चहा आणि माझी क्वालिटी शीट

गुरुवार होता. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीपायी बरेचदा पाणी नाही आणि वीजही नाही, हे पुणेकरांना काय सांगायचं! मी कॉल सेंटरमध्ये एजंटांचे कॉल ऐकून मार्क देते; ते मार्क भरायचा तक्ता म्हणजे क्वालिटी शीट. धायरीहून घरून काम करणाऱ्या आमच्या एका मुलीचा कॉल मी ऐकायला घेतला. हॉस्पिटलची अपॉइंटमेंट लाइन. मागे कुकरची शिट्टी, इन्व्हर्टरची टीं टीं, पलीकडे एक आजी. उद्या उपाशीपोटी शुगर तपासायची.

"अगं, पण चहा चालेल ना? बिनसाखरेचा?"

"नाही आजी, फक्त पाणी."

मग सकाळच्या गोळीचं निघालं. मुलीनं मनानं काही ठोकून दिलं नाही. होल्डवर ठेवून नर्सला विचारलं आणि शेवटी सगळं आजींकडून परत वदवून घेतलं. नऊ मिनिटं.

मी शीटप्रमाणे मार्क कापले. मागचा आवाज, लांबलेला होल्ड, एएचटी म्हणजे एका कॉलला लागणारा सरासरी वेळ. ऑफिसात शेजारच्याला खुणेनं विचारता येतं, घरी चॅटवर उत्तराची वाट बघावी लागते, मग होल्ड लांबणारच. शीटला ते कळत नाही. मुलगी यादीत तळाला गेली. यादी मेल करणारी मीच.

त्याच आठवड्यात दुसरा कॉल. गोड आवाज, तीन मिनिटं, ९६ मार्क. "फास्टिंगला या" एवढंच सांगितलेलं. काका पोहे खाऊन आले, खेप फुकट.

८० टक्के कॉल २० सेकंदांत उचला, हा आमच्या धंद्यातला जुना दंडक. १०८ सारख्या लाइनवर सेकंद मोजायलाच हवेत. पण तपासणीची वेळ घेणारा पेशंट मिनिटभर थांबतो हो. चुकीची सूचना मात्र त्याला महागात पडते.

आणि घरून काम म्हटलं की सगळे कुकरवरच घसरतात. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागानं कॉल सेंटरचे नियम सैल केले, घरून काम सोपं झालं, पण वन बीएचकेत सासरे टीव्ही बघत असताना कुणाच्या तरी एचआयव्ही रिपोर्टचं मोठ्यानं बोलायचं का, हे कुठल्या शीटवर होतं? आता आमच्याकडे तपासणीचं नाव पेशंटच घेतो, एजंट फक्त "तो रिपोर्ट" म्हणतो. इतकं साधं सुचायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

'पेशंटनं सूचना परत सांगितली का?' या ओळीला मी भांडून २० मार्क मिळवलेत. कुकरच्या आवाजाचे दोन मात्र अजून कापले जातात. क्लायंट ऐकत नाही.