हिटलर एका मताने जिंकला नव्हता

निवडणूक जवळ आली की तो मेसेज हटकून येतो. ‘१९२३ साली हिटलर एका मताने नाझी पक्षाचा प्रमुख झाला, एका मतामुळे अमेरिकेची भाषा जर्मनऐवजी इंग्रजी ठरली, एका मताने फ्रान्समधली राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं, म्हणून मतदान कराच.’ शेवटच्या आवाहनाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्याआधीच्या दाखल्यांशी.

हिटलर पक्षप्रमुख झाला जुलै १९२१ मध्ये. तेव्हा एक मत वेगळं पडलं होतं खरं, पण ते त्याच्या विरोधात. बाजूने पाचशेच्या वर होती. मेसेज लिहिणाऱ्याने गोष्ट चक्क उलटी करून ठेवली आहे. हिटलरला सत्तेच्या दारापर्यंत नेलं ते जुलै १९३२ मधल्या सव्वा कोटीहून जास्त मतांनी, आणि आत घेतलं ते अध्यक्ष हिंडेनबर्ग यांनी, १९३३ मध्ये चॅन्सेलर नेमून.

जर्मन भाषेची गोष्ट तर निव्वळ दंतकथा. व्हर्जिनियातल्या जर्मन रहिवाशांनी कायदे जर्मनमध्येही छापून द्या, एवढीच विनंती केली होती. १७९५ मध्ये अमेरिकी संसदेत ४२ विरुद्ध ४१ असं मतदान झालं, तेही चर्चा तहकूब करावी का यावर!

फ्रान्सचं बरंचसं खरं. ३० जानेवारी १८७५, ३५३ विरुद्ध ३५२. पण सम्राट १८७० मध्येच गेला होता. या मताने प्रजासत्ताकावर कायद्याची मोहोर उठली. शिवाय मतं राष्ट्रीय सभेतल्या सदस्यांची होती, रांगेत उभ्या राहिलेल्या मतदारांची नव्हे.

खरा दाखला हवाच असेल तर राजस्थानातलं नाथद्वारा घ्या. २००८ च्या विधानसभा निवडणुकीत सी. पी. जोशी तिथे ६२,२१५ विरुद्ध ६२,२१६ असे हरले. पण असं क्वचितच होतं, आणि या मेसेजची खरी खोट तिथेच आहे. मत म्हणजे लॉटरीचं तिकीट असं तो सुचवतो. मग ज्याच्या मतदारसंघात निकाल पन्नास हजारांच्या फरकाने लागतो, तो म्हणणारच, माझं तिकीट फुकट गेलं.

एकेकट्या मताला वजन नसतं, तर ते हिरावून घ्यायला कोणी इतकी उठाठेव केली नसती. अमेरिकेतल्या मिसिसिपीत कृष्णवर्णीयांना मतदारयादीबाहेर ठेवायला साक्षरतेच्या परीक्षा होत्या, मतदानावर कर होता, वर मारहाण होतीच. १९६५ च्या मताधिकार कायद्याआधी तिथल्या पात्र कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम सात टक्क्यांची नोंदणी झाली होती. दोनच वर्षांत ती साठ टक्क्यांच्या आसपास गेली. त्याच १९६७ मध्ये रॉबर्ट क्लार्क विधिमंडळात निवडून आले. एकोणिसाव्या शतकानंतर तिथे पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय आमदार.