वजीरला खड्डे खणून भागणार नाही

केनियाच्या ईशान्येकडच्या वजीर शहराबद्दल एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो: तिथे बादलीचे संडास वर्षानुवर्षे टिकले ते निव्वळ प्रशासनाच्या आळसामुळे, आपल्याकडचे दोन खड्ड्यांचे संडास खणा, विहिरींत क्लोरीन टाका, जमेल तसे गटार घाला, प्रश्न मिटेल. दाव्यामागचा संताप रास्त आहे. दुसऱ्याची विष्ठा बादलीतून वाहण्याची पाळी कुणावरच येऊ नये. उपाय मात्र तिन्ही चुकीचे आहेत.

वजीरमध्ये चुनखडीत काही मीटरवरच पाणी लागते, आणि विहीर पुष्कळदा घराच्या आवारातच असते. दोन खड्ड्यांच्या संडासाला तळाखाली निदान २ मीटर कोरडी माती लागते, कारण जंतू गाळले जातात ते तिच्यात. इथे ती मिळतच नाही. शिवाय चुनखडीच्या भेगांतून घाण न गाळताच वाहते, म्हणून विहिरीपासून १० मीटर लांब खणण्याचा नियमही उपयोगाचा नाही. बादली आली ती या भूजलामुळे.

क्लोरीनचा हिशेब असा. १.२ मीटर व्यासाच्या विहिरीत २ मीटर पाणी असेल तर ते सुमारे २,२६० लिटर भरते. लिटरला ५० मिलिग्रॅम मात्रेसाठी ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर साधारण ३४० ग्रॅम लागते. ती कालवून निवळी ओतायची, रात्रभर थांबायचे, मग वास जाईपर्यंत उपसायचे. पटकीच्या साथीत हे करावेच. पण नवी घाण झिरपली की पुन्हा तेच. मैल्यातून पाण्यात उतरणारे नायट्रेट हे क्षार तर क्लोरीनने हलतही नाहीत.

गटाराला सेकंदाला ०.६ मीटर वेग लागतो. गाढवगाडीवरून आणलेल्या पाण्यावर तो येत नाही. सपाट जमिनीत उतार काढायला नळ खोल न्यावा, तर तो भूजलात बुडतो. पाणी बाहेरून आणावे, तर वजीर परगण्यातल्याच हबास्वेन गावाहून ते आणण्याच्या योजनेला हबास्वेनच्या लोकांनी विरोध केला, कारण त्यांना आपल्याच विहिरी आटण्याची धास्ती होती.

इथे जुळतो तो जमिनीच्या वर बांधलेला, तळ पक्का असलेला, दोन कप्प्यांचा कोरडा संडास. सहा माणसांना वर्षाला कप्प्यामागे अर्धा घनमीटर जागा पुरते. प्रत्येक वेळी मूठभर राख टाकायची, आणि भरलेला कप्पा वर्षभर बंद ठेवायचा. खरी चूक होते ती धुण्याच्या पाण्यात. वजीरचे सोमाली मुस्लिम लोक शौचानंतर पाणीच वापरतात. ते कप्प्यात गेले की मैला वाळत नाही, माश्या होतात, आणि लोक संडास सोडून देतात. त्या पाण्याला वेगळे भोक आणि तळ बंद केलेला, झाडे लावलेला वाफा हवा. तिथल्या उन्हात ते उडून जाते. लघवीही कप्प्यात न जाऊ देता वेगळ्या कॅनमध्ये घ्यायची, पण ती सहा जणांची रोज सातेक लिटर, म्हणजे २० लिटरचा कॅन तीन दिवसांतच भरतो. तो उचलायला नेमाने गाडी आली नाही, तर घरचे लोक तो आवारातच ओततील.

म्हणून प्रशासनाकडे मागायचे ते उचलण्याच्या व्यवस्थेचे पैसे. बादल्या पूर्ण बंद होईपर्यंत घट्ट झाकणाचे अदलाबदलीचे डबे, हातमोजे, गमबूट, धनुर्वात व काविळीची लस आणि वेळेवर पगार, हे कामगारांना आजच मिळायला हवे.